हात मोजताना

सरपंचबाई म्हणाल्या, "दत्ताराम, तुझा आवाज मोठा, तूच मोज."
म्हणून रविवारी साडेदहाला शाळेच्या सभागृहात
मागच्या बाकावर चढून उभा आहे मी,
कानावर पेन्सिल,
हातात पावतीबुकाचा पाठकोरा कागद.

ठराव क्रमांक सात:
भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत नवं बांधकाम नको,
आणि नदीकाठची खाजनं खाजनंच राहावीत,
सेटलमेंट झोन होऊ नयेत.

नकाशा फळ्यावर चिकटवलाय.
एक कोपरा सुटून पंख्याच्या वाऱ्यावर फडफडतो.
नदी निळी, वस्ती तांबडी,
आमचं खाजन मात्र पिवळं,
कावीळ झालेल्या डोळ्यांसारखं.
"मानस कुठंय ह्यात?" इनासियोनं विचारलं.
मानस,
जिची लाकडी झडप भरतीला आपसूक मिटते
नि ओहोटीला उघडते,
जिच्यापाशी त्याचा बाप कंदील घेऊन रात्री काढायचा.
साहेबांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं.
बोट उचललं तेव्हा कळलं,
ते माशीचं होतं.

साहेब पोरगेलासा, चांगला होता बिचारा.
म्हणाला, "समुद्र कुठं जाणार आहे, मावशी?"
चंद्रावती म्हणाली, "तो जात नाही रे पुता.
तो येतोय."
हसले सगळे.
मग पंख्याचाच आवाज उरला.

मी मोजणारा. मला मत नाही,
असं घरून ठरवून आलो होतो.
कारण पिवळ्यात माझाही एक तुकडा आहे.
म्हापशाचा एजंट तीनदा येऊन गेला,
तिसऱ्यांदा काजूगरांची पुडी घेऊन.
काजूगर, मला!
ज्याच्या अंगणात मे महिनाभर बोंडं कुजतात त्याला!
आकडा त्यानं तोंडानं सांगितला नाही,
मोबाइलवर दाबून दाखवला.
शून्यं मोजताना माझं बोट दोनदा चुकलं.
आईचा मोतीबिंदू, थोरलीची फी, पडवीची कौलं,
सगळं बसत होतं त्या शून्यांत,
वर जागा उरत होती.

आणि नितेशही खोटं बोलला नाही.
"कुर्ल्या बघून पोट भरतं का?
आठ महिने जहाजावर ताटं विसळतो मी.
हॉटेल झालं तर रात्री घरी झोपेन."
त्याला टाळ्या पडल्या.
पडायलाच हव्या होत्या.

मग पिएदाद उठली.
तिला भाषण येत नाही.
तिनं पिशवीतून बाटली काढली, विहिरीच्या पाण्याची.
शेजारी निळ्या फरश्यांचा तलाव झाला, बोअर मारली,
त्यानंतरच्या विहिरीची.
"चाखून बघा," एवढंच म्हणाली
नि पदर सावरावा तशी ओढणी सावरून खाली बसली.
बाटली बाकाबाकावरून फिरत आली.
साहेबांनी झाकण उघडलं, हुंगलं, पुढे दिली.
मी घोट घेतला.
ह्याच विहिरीचं पाणी पिऊन
लहानपणी आम्ही फुटबॉल खेळायला परत पळायचो.
मीठ.

"बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

रांपणीच्या दोरानं चिरलेले हात.
एक पिठाचा, धुवायचा राहिलेला.
एक प्लास्टरमधला.
एका पोराचा आईनं खाली ओढला,
अठरा पुरी व्हायला त्याला अजून दिवाळी यायचीय.
नितेशचा वर नाही.
खालीही नाही म्हणता येणार,
छातीपाशी आलाय, तिथं मूठ झालीय.
एकशे आठ, एकशे नऊ...
चुकलो. पुन्हा पहिल्यापासून.
कोणी कुरकुरलं नाही.
खांदे दुखत असतील, पण हात तसेच.

बाहेर एव्हाना ओहोटी लागली असेल,
झडप कुरकुरत उघडली असेल,
खाजनातलं पाणी वाट बघून निघालं असेल.

"एकशे एकोणीस!"
सेक्रेटरीनं लिहून घेतलं, मान वर केली:
"तुझा धरून?"

पेन्सिल कानावर खोवायला म्हणून
हात वर गेला होता माझा.
तो तिथंच थांबला.

"नाही," मी म्हणालो.
"खोडा. वीस करा."